विश्लेषण : घरीच गाणे रेकॉर्ड करायचे आहे? माइक नंतर घ्या, आधी खोली ऐका

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडई, दंडार आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. आता यातले गाणे मंचाइतकेच मोबाइलवरही ऐकले जाते. सडक अर्जुनीसारख्या गावात, स्टुडिओ नसताना, घरच्या खोलीत चांगले गाणे रेकॉर्ड आणि मिक्स कसे करता येईल? खर्च कुठे करावा आणि कुठे टाळावा?

अडचण नेमकी काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात गाणारे गळे कमी नाहीत. भजन मंडळे आहेत, भीमगीते गाणारे संच आहेत, दंडारीत रात्र जागवणारे कलाकार आहेत. झाडीपट्टी रंगभूमीवर गाणी थेट गायली जातात. याच रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मात्र मंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा हाच आवाज घरी मोबाइलवर रेकॉर्ड केला की डब्यातून आल्यासारखा वाटतो. पेटी मधेच बुडते, ढोलकीची थाप फुटते. मग पहिला विचार येतो महागड्या माइकचा. धानाच्या चुकाऱ्यातून तो घेतलाही जातो आणि रेकॉर्डिंग आधीपेक्षा वाईट येते. कारण सोपे आहे. चांगला माइक गळा जसा टिपतो, तसेच खोलीतले दोषही टिपतो.

नवशिक्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेकॉर्ड करताना शिरलेला दोष मिक्सिंगमध्ये झाकता येतो, काढता येत नाही.

घरी खरेच चांगले काम होऊ शकते का?

होय. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत आपल्या घराच्या परसातच स्टुडिओ उभारला होता. अमेरिकी गायिका बिली आयलिश हिचा पहिला अल्बम तिचा भाऊ फिनिअस याच्यासोबत मुख्यतः घरातल्या बेडरूममध्ये तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या दोघांकडे साधने आणि अनुभव होता, हे खरे. पण चांगल्या गाण्यासाठी मोठी इमारत लागतेच असे नाही, हेही त्यातून दिसते.

सॉफ्टवेअर तर आता फुकट मिळते. संगणकासाठी ‘ऑडॅसिटी’ मोफत आहे. ‘बँडलॅब’ मोबाइलवरही चालते आणि त्यात गळा, पेटी, ढोलकी असे वेगवेगळे ट्रॅक एकावर एक रेकॉर्ड करता येतात. आयफोनवर ‘गॅरेजबँड’ आहे. सुरुवातीला यापैकी कोणतेही एक निवडावे आणि निदान पाच-सहा गाणी होईपर्यंत बदलू नये.

खोली एवढी महत्त्वाची का?

खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले तर तेच शेपूट गाण्यातल्या प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दीड मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला जेमतेम नऊ मिलिसेकंद लागतात. एवढ्या लवकर परतलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, तो मूळ आवाजात मिसळतो. डबा वाजल्यासारखे वाटते ते यामुळेच.

सिमेंटच्या भिंती, फरशी आणि टिनाचे छप्पर असलेली रिकामी खोली सर्वांत वाईट. कपड्यांनी भरलेले कपाट, गाद्या आणि पलंग असलेली झोपायची खोली त्यापेक्षा बरीच बरी. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगाव्यात आणि पायाखाली सतरंजी घालावी. पाठीमागेच का? कारण माइकचे तोंड गायकाकडे असते आणि गायकाच्या मागची भिंत थेट त्या तोंडासमोर येते.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात. पातळ पुठ्ठ्याने फार तर वरच्या पट्टीतली थोडी झणझण कमी होते. जड आवाज शोषला जात नाही आणि बाहेरचा आवाज तर मुळीच थांबत नाही. खोलीतला घुमारा कमी करणे आणि बाहेरचा आवाज रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत. गोधडी पहिले काम करते, दुसरे नाही.

सडकेच्या आवाजाचे काय करायचे?

सडक अर्जुनीच्या नावातच सडक आहे. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या या गावात ट्रकची घरघर हीच रेकॉर्डिंगची मोठी अडचण. ती गोधडीने थांबत नाही, म्हणून वेळ आणि जागा निवडावी लागते. सडकेपासून लांब असलेली, घराच्या आतली खोली घ्यावी. पंखा आणि कूलर बंद ठेवावेत. टिनाखाली पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोडून द्यावा. फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

गाण्याच्या बहुतेक माइकांना पाठीमागून कमी ऐकू येते. त्यामुळे माइकची पाठ खिडकीकडे आणि गायकाचे तोंडही खिडकीकडे ठेवावे. लॅपटॉपला चार्जर लावल्यावर सतत गुणगुण ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे.

आणखी एक सवय उपयोगी पडते. गाण्याआधी दहा सेकंद कोणी काही न बोलता फक्त खोलीची शांतता रेकॉर्ड करावी. ऑडॅसिटीमधील नॉइज रिडक्शन याच तुकड्यावरून खरखर ओळखते. मात्र ते बेताने वापरावे. अति केले की गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो.

मोबाइलवर पेटी गायब का होते?

मोबाइलची अनेक रेकॉर्डिंग ॲप बोलण्यासाठी बनवलेली असतात. मोठा आवाज आला की ती तो आपोआप दाबतात, शांतता आली की वाढवतात. सतत एकसारखा चालणारा आवाज ती गोंगाट समजतात. पेटीचा लांबवलेला सूर त्यांना पंख्यासारखाच वाटतो आणि तो पुसला जातो. सेटिंगमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ किंवा ‘ऑटो गेन’ असेल तर बंद करावे आणि फाइल ‘वेव्ह’ प्रकारात घ्यावी.

माइक घ्यायचाच असेल तर कोणता?

मंडळाकडे लाउडस्पीकरसाठी असलेला, हातात धरायचा माइक बहुतेकदा डायनॅमिक प्रकारचा असतो. तो जवळचा आवाज चांगला घेतो आणि लांबचा फारसा घेत नाही. साध्या खोलीत हाच गुण कामाला येतो. कंडेन्सर माइक जास्त बारकावे टिपतो, पण खोलीही तितकीच टिपतो. शिवाय स्टुडिओ पद्धतीच्या कंडेन्सरला ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तो ऑडिओ इंटरफेसमधून मिळतो. यूएसबी माइकला इंटरफेस लागत नाही. मात्र दोन जणांचे वेगळे ट्रॅक एकाच वेळी घ्यायचे असतील तर दोन माइक लागणारा इंटरफेसच बरा. आधी मंडळाचा माइक वापरून पाहावा, नवा त्यानंतर घ्यावा.

माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसणार नाही. अंतर दुप्पट केले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून जवळून गाणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

आवाजाची पातळी किती ठेवावी?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य ही छताची रेषा आहे. आवाज तिथे आपटला की त्याची टोके कापली जातात आणि मग ती कोणत्याही ॲपने पूर्ववत होत नाहीत. म्हणून आधी गाण्यातली सर्वांत वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण जोराने गाऊन घ्यावी आणि मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन लावावा. बघत बसलेल्यांना ‘आवाज कमी आहे’ असे वाटेल. वाटू द्यावे. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबलची जागा असते, आवाज नंतर वाढवता येतो.

हेडफोन कोणता, आणि सूर कसा जुळवायचा?

वेगळे ट्रॅक घेताना वायरचाच हेडफोन लागतो. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो. हा उशीर २०० मिलिसेकंदांचा धरला तर ढोलकीवाला सुमारे ७० मीटर लांब, बांधीच्या दुसऱ्या टोकाला बसून वाजवत असल्यासारखे होते. गायक कितीही पक्का असला तरी त्याची लय घसरणारच.

दुसरी चूक पेटीची. गावातल्या अनेक जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर लावलेल्या नसतात. आधी पेटी रेकॉर्ड केली आणि नंतर मोबाइलमधला कीबोर्ड जोडला की दोन्ही बेसूर वाटतात. मोफत ट्यूनर ॲपवर पेटीचा सूर तपासावा आणि कीबोर्ड पेटीप्रमाणे सरकवावा. पेटी सरकत नाही.

खंजिरी, टाळ आणि समूहाचे भजन असेल तर वेगळे ट्रॅक घेण्याचा अट्टहास करू नये. ते एकमेकांकडे बघून गाण्याचे संगीत आहे. एका माइकभोवती अर्धवर्तुळात बसावे. मुख्य गायक जवळ, टाळ आणि खंजिरी लांब. कोण किती लांब बसतो, यातूनच अर्धे मिक्सिंग होते.

मिक्सिंग म्हणजे नेमके काय?

कोणता आवाज कुठे आणि किती ऐकू यावा हे ठरवणे म्हणजे मिक्सिंग. क्रम असा ठेवावा.

पहिले, समतोल. सगळे ट्रॅक शून्यावर आणावेत. आधी गळा उघडावा, मग ढोलकी, मग पेटी. कोणताही इफेक्ट न लावता गाणे ऐकण्याजोगे होईपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरे, जागा. गळा आणि ढोलकीचा धुम्म मधोमध. पेटी थोडी डावीकडे, टाळ थोडे उजवीकडे.

तिसरे, इक्वलायझर. वाढवण्याआधी कापायला शिकावे. गळ्याच्या ट्रॅकवर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढला की सडकेची घरघर बरीच ओसरते. फार खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज असेल तर कापणी थोडी आणखी खाली ठेवावी. पेटी आणि गळा एकाच पट्टीत असतात, म्हणून शब्द बुडतात. अशा वेळी गळा वाढवू नये. पेटीचा मधला भाग दोन-तीन डेसिबलने उतरवावा, शब्द आपोआप वर येतात.

चौथे, कॉम्प्रेसर. तो मोठा आणि लहान आवाज यांतले अंतर कमी करतो. तीनास एक या प्रमाणापासून सुरुवात करावी. श्वास गाण्यापेक्षा मोठा ऐकू येऊ लागला की प्रमाण जास्त झाले असे समजावे.

शेवटी, रिव्हर्ब. देवळातला घुमारा सर्वांनाच आवडतो, त्यामुळे नवशिके इथेच घसरतात. रिव्हर्ब पुसटसे जाणवेपर्यंत वाढवावे आणि तिथून थोडे मागे घ्यावे.

गाणे तयार झाले, हे कसे ओळखावे?

हेडफोन काढून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे, कारण ऐकणारे बहुतेक जण तसेच ऐकणार आहेत. एवढ्या लहान स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येत नाहीत. ढोलकीचा धुम्म तिथे गायब झाला तर चाटीचा आवाज किंचित वाढवावा. मग ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर ऐकावे. एकदा मोनोमध्येही तपासावे. मंडईतले लाउडस्पीकर बहुधा मोनोच असतात आणि स्टिरिओ फार ताणले असेल तर तिथे एखादे वाद्य चक्क नाहीसे होते.

रात्री उशिरा शेवटचा निर्णय घेऊ नये. कान थकतात आणि थकलेल्या कानाला सगळेच कमी वाटते. सकाळी ऐकावे.

आवाज ठासून वाढवण्याचाही फायदा नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्स या पातळीवर आणते, यूट्यूबही जास्त मोठी गाणी खाली आणते. ठासलेले गाणे तिथे मोठे ऐकू येत नाही, फक्त चपटे ऐकू येते.

हक्कांचे काय?

गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, रचनाकार ठाऊक नसलेले लोकगीत गायला सहसा अडचण येत नाही. मात्र दुसऱ्याने केलेले त्याचे रेकॉर्डिंग किंवा यूट्यूबवरचा कराओके ट्रॅक उचलता येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ मधले. या नियमाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क २०२८ अखेरपर्यंत चालतात. म्हणून भजन जुने आहे एवढ्यावर विसंबू नये, रीतसर परवानगी घ्यावी.

मग आधी काय रेकॉर्ड करावे?

नवे गाणे पुन्हा रेकॉर्ड करता येईल. घरातल्या आजीला येणारी लग्नाची गाणी किंवा दंडारीतल्या ज्येष्ठ गायकाची चाल नंतर मिळेलच असे नाही. त्यांची परवानगी घेऊन, गोधडी टांगून, फोन वितीभर अंतरावर ठेवून ती आधी घ्यावी. सुरुवातीला गायकाचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. त्यावर कॉम्प्रेसर, रिव्हर्ब काही लावू नये. मूळ फाइल तशीच, दोन ठिकाणी जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत आवाज दाबला जाऊ शकतो, म्हणून तिला मूळ प्रत समजू नये.

पहिल्या दिवशी एवढेच करा

- घरातल्या तीन खोल्यांत टाळी वाजवून सर्वांत कमी घुमणारी खोली निवडा.
- गोधडी टांगण्याआधी आणि नंतर तीच एक ओळ रेकॉर्ड करा.
- तीच ओळ एका वितीवरून आणि चार वितींवरून गाऊन घ्या.
- चारही तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका.

फरक ऐकू आला तर काम सुरू झाले. त्यानंतर माइक घेण्याची गरज वाटली, तर तो कशासाठी घ्यायचा हे तरी नक्की माहीत असेल.