गोठल्या भूमीवरची वाट

चिरंजीवाने कॅल्गरीहून दूरध्वनीवर विचारले, "अण्णा, यंदा ट्रक घेऊन उत्तरेच्या समुद्रापर्यंत जाऊ या का?" तेव्हा मला हसू आले. अडतीच्या धंद्यात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाला ट्रकचे अप्रूप ते काय असणार! हळदीची पोती भरलेले किती ट्रक आम्ही सांगलीच्या मार्केट यार्डातून रवाना केले, त्याची गणती नाही. पण ट्रकमध्येच झोपायचे, तेथेच स्वयंपाक करायचा आणि साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे जात राहायचे, ही कल्पना नवी होती. जाण्यास माझे स्वतःचे आणखी एक कारण होते. पेढीचे पुढे काय करायचे, हे त्याला समोरासमोर विचारावयाचे होते. दूरध्वनीवर तो विषय निघाला की दोन्हीकडे शांतता पसरे.

या वाहनास तिकडे ट्रक कॅम्पर म्हणतात. पिकअप ट्रकच्या मागील हौद्यात एक लहानशी खोली बसविलेली असते. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार पाय. ते खाली सोडून खोली उचलायची, खालून ट्रक काढून घ्यायचा, की खोली जागच्या जागी उभी. चालकाच्या डोक्यावर येणाऱ्या भागात बिछाना, मागे शेगडी, मोरी आणि पाण्याची टाकी. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या घराला वाटेवरच्या खाणावळींचा काहीच उपयोग नव्हता. स्वतःची चूल बरोबर आहे, एवढे कळताच आमच्या सौभाग्यवती तयार झाल्या.

मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी मायलेकांत वाद झाला. ट्रकने किती भार वाहावा, हे चालकाच्या दारापाशी चौकटीवर लिहिलेले असते. त्यातून खोलीचे वजन वजा करायचे, मग माणसांचे, मग पाण्याचे. टाकीत दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो झाले. उरेल तेवढेच सामान. चिरंजीव मूगडाळ, तांदूळ, खाकरे, सांडगे, प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवून वहीत मांडत होता. सौ. रागावल्या, मी मात्र मनातून सुखावलो. माझ्या वडिलांनीही तागडीवर इतकी बारीक नजर ठेवली नसेल. महामार्गावरील वजनकाट्यावर गाडी चढवली तेव्हा भार मर्यादेच्या आत होता, पण त्यासाठी सौ.चा खलबत्ता घरी राहिला.

डॉसन क्रीक या गावापासून अलास्का महामार्ग सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने अरण्य, दलदल आणि पर्वत ओलांडून सुमारे २,७०० किलोमीटरचा हा मार्ग जेमतेम आठ महिन्यांत काढला. दहा हजारांहून अधिक सैनिक राबले. त्यांत जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या श्रमांची नोंद पुष्कळ काळ कोणी नीट घेतली नाही. वॉटसन लेक येथे घराच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी खांबावर ठोकली. नंतर येणारा प्रत्येक जण आपापली पाटी ठोकत गेला, आणि आज तेथे पाट्यांचे रानच उभे आहे. आम्ही पाटी नेली नव्हती, याची मला अजून चुटपुट लागून आहे.

जसजसे उत्तरेकडे सरकलो तसतसा दिवस लांबत गेला. ज्येष्ठाचे दिवस, व्हाइटहॉर्सला रात्री अकरा वाजता बाहेर बसून वाचता येत होते. सौ. सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. आता सूर्यच मावळत नाही, तर करावे काय? चिरंजीव थट्टेने म्हणाला, "आई, आता चोवीस तास जेवायला मोकळीक!" त्यांना ते रुचले नाही. बराच विचार करून त्यांनी स्वतःच ठरविले, की घड्याळात सात वाजले की आपल्या सांगलीचा सूर्य मावळला असे समजायचे. त्यानंतर बाहेर ऊन कितीही झळझळीत असो, त्या पाण्यालाही शिवल्या नाहीत.

खरी कसोटी डेम्पस्टर महामार्गावर होती. डॉसन सिटीच्या अलीकडे फुटणारा हा ७३६ किलोमीटरचा खडीचा रस्ता उत्तर ध्रुववृत्त ओलांडून इनुविकला जातो. तो १९७९ साली खुला झाला. येथील जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. वरचे शेवाळ खरवडले की ऊन लागून खालचे बर्फ वितळते आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून जमीन न उकरता तिच्यावरच जवळपास माणसाच्या उंचीएवढा खडीचा भराव घातलेला आहे. ती जणू जमिनीवर टाकलेली दुलई. सुरुवातीपासून पहिला इंधनपंप ईगल प्लेन्स येथे, म्हणजे ३६९ किलोमीटरवर.

त्या ठाण्याच्या पुढे, ध्रुववृत्त ओलांडल्यावर, धारदार दगडाने मागचे चाक फाडले. जादा चाक होते, पण भरलेली गाडी उचलताना जॅक खडीत रुतू लागला. डासांचे थवे, आणि तासभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात इनुविकला किराणा नेणारा मालट्रक थांबला. चालकाने काही न विचारता जाड लाकडी ठोकळे काढले, जॅकखाली घातले आणि चाक बसेपर्यंत तो तेथून हलला नाही. मी पाकिटाला हात घातला, तर त्याने मान हलविली. सौ.नी सुंठीचा चहा दिला. तो त्याने दोन पेले घेतला. व्यापाऱ्याला उधारी ठेवणे जड जाते, पण त्या माणसाचे नावही आम्हांला ठाऊक नाही.

पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात तराफ्यावरून गाड्या पलीकडे जातात, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून. इनुविकमध्ये घरे खांबांवर उभी आणि पाण्याचे नळ जमिनीच्या वर, कारण तेच: जमीन वितळू द्यायची नाही. तेथील लहानशा मुस्लिम समाजाने २०१० साली विनिपेगमध्ये मशीद बांधवून घेतली आणि ती ट्रक व बजऱ्यावरून सुमारे ४,००० किलोमीटर आणली. जुन्या बर्फक्रीडागृहाच्या छताखाली गावकऱ्यांनी हरितगृह केले आहे. तेथील हिरवा पाला पाहून सौ.चे डोळे भरून आले. डबाबंद वाटाण्यांना त्या अगदी कंटाळल्या होत्या.

टुकटोयाक्टुक या समुद्रकाठच्या गावी बारमाही रस्ता २०१७ साली पोहोचला. समुद्र किनारा खात असल्याने तेथील काही घरे मागे हलवावी लागली आहेत. गावात गोठलेल्या जमिनीत सुमारे दहा मीटर खोल खणलेले बर्फाचे कोठार आहे. गावकरी त्यात मासळीचा व शिकारीचा साठा ठेवीत. धान्य न पिकणाऱ्या मुलुखाचा आहार आपल्या मापाने मोजू नये, एवढे मी मनाशी म्हटले. आम्ही कोठाराच्या दाराशीच थांबलो. माझ्या तोंडून सहज निघाले, "अरे, हे तर आपल्या हरिपूरचे पेव!" हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकविणारी आपली ती जमिनीखालची कोठारे.

चिरंजीव बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, त्यानंतर मी हरिपूरला आलो होतो. तुम्हांला दिसलो नाही. कुजलेली हळद तुम्ही स्वतः हातांनी उपसत होता. त्या दिवसापासून पेढीचे नाव काढले की मला तेच दिसते."

इतकी वर्षे मी समजत होतो, की परदेशातल्या पगाराने त्याला ओढून नेले.

"तुझ्या चुलतभावाला पेढीवर बसायची हौस आहे," मी म्हणालो.

"मग त्याच्याच नावावर करा. मला हिस्सा नको. वाटल्यास हिशेब मी इथून पाहीन."

"वजने तू चांगली मांडतोस," मी म्हटले. तो हसला.

मध्यरात्र उलटून गेली होती आणि समुद्रावर ऊन पडले होते. कॅम्परच्या दारातून सौ.नी हाक मारली. त्यांनी आम्हां दोघांसाठी चहा टाकला होता. स्वतःचा पेला मात्र पालथा ठेवला होता.