ध्वजाचे वस्त्र

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरच्या प्रभाती हिमायतनगरच्या तहसील कचेरीपुढे तिरंगा चढतो, तेव्हा गावाचे ‘वाढोणा’ हे जुने नाव ज्यांच्या ओठी अद्याप आहे अशा वृद्धांना, निजामी अंमलात हाच ध्वज फडकावणे हा अपराध होता, हे सांगावे लागत नाही. त्या ध्वजाचे वस्त्र आपल्याच मुलखात, उदगीरच्या मागांवर विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वजरूप धारण करते, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नफा वाटून घेणारा धनी नाही; खादी आयोगाची देखरेख, मानक संस्थेची परीक्षा आणि कातणारे, विणणारे, शिवणारे हात यांच्या परस्पर विश्वासावर तिचा कारभार उभा आहे. खादीच्या व्यवहारात पेळू घेऊन गेलेली बाई सुताची गुंडी परत आणते. गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. ती तराजूत घातली की वजनावरून सुताचा बारीकपणा कळतो, आणि गुंडीमागे ठरलेली मजुरी त्या बाईच्या नावे खतावणीत चढते. आमच्याकडचा कापूस वेचला की गाठी बांधून परमुलखी जातो आणि त्याचे मोल तिकडेच वाढते. घरच्या उंबऱ्याआत पडणाऱ्या या मजुरीचे महत्त्व म्हणूनच मोठे.

ध्वजाचे काम विशेष जोखमीचे. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, ठरलेल्या मापांत सर्वांत मोठा ध्वज २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद. काठीकडच्या पट्टीचे कापड वेगळे, जाड विणीचे. आणि २४ आऱ्यांचे चक्र दोन्ही अंगांनी तंतोतंत जुळले पाहिजे. रंगात वा सुतात उणेपणा निघाला, तर माल नापसंत ठरतो.

ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर विणलेल्या ध्वजांनाही मुभा मिळाली. ध्वज घरोघरी पोचावा हा हेतू स्तुत्य. परंतु हातसुताच्या ध्वजाला स्वस्त मालाच्या पंक्तीस बसविणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच्या किमतीत कातणारीची मजुरी आहे.

हिमायतनगर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे: येत्या ग्रामसभेत ठराव मांडा, आणि कचेरीवरचा ध्वज नांदेडहून, खादीचाच आणा.