वाढत्या मापाची सायकल नको

मे-जून महिन्यांत परीक्षांचे निकाल लागले, किंवा दिवाळी जवळ आली, की आपल्या घरांतून एक मागणी हमखास पुढे येते. मागणारा मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची असते आणि मागणी असते जाड टायरांच्या, गियरच्या, पुढेमागे ‘शॉकअप’ लावलेल्या सायकलीची. वडिलांच्या डोळ्यांसमोर मात्र निराळीच सायकल असते. ती काळी, आडव्या दांड्याची. त्या दांड्याखालून पाय घालून त्यांनी कैची मारलेली, आणि मागच्या कॅरियरवर दळणाचा डबा बांधून आणलेला. (त्या पिढीच्या ॲटलस सायकलीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी!) मुलाने दुकानातल्या सायकलीवरची किंमत वाचून दाखवली, की वडील आवंढा गिळतात आणि आई म्हणते, “एवढे पैसे घालायचेच, तर निदान चार वर्षे पुरेल अशी मोठी घ्या.”

या प्रेमळ वाक्यातच सारी गफलत आहे, असे आमचे मत आहे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा, बूट अर्धा इंच मोठे घ्यावेत, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांतले जुने शहाणपण आहे. सायकलीला ते लागू पडत नाही. सैल सदऱ्याने कोणी पडत नाही; परंतु सहा इंच उंच सायकल खडकाळ उतारावर थांबली आणि पाय जमिनीला पोचला नाही, तर मूल सायकलीसकट आडवे होते. एकदोनदा असे झाले, की पुढे सायकल गॅलरीत उभी राहते, टायर बसतात आणि हँडलवर ओले टॉवेल वाळू लागतात.

डोंगरी सायकल ही वस्तू मुळात काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तिचा जन्म कॅलिफोर्नियातला. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यातील माउंट टॅमलपाइसच्या परिसरात काही हौशी तरुण जुन्या, बोजड, जाड टायरांच्या सायकली कच्च्या उतारांवरून खाली पिटाळीत. पेडल उलटे दाबून लावायचा त्यांचा ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून तिथल्या एका उताराला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नावच पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही पुढे प्रसिद्धीस आलेली नावे त्याच मंडळींतली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत दाखल झाली. सांगायचे ते एवढेच, की त्या पहिल्या सायकलींना शॉकअप नव्हते. मजबूत सांगाडा, रुंद टायर आणि पुढे भरवशाचे ब्रेक एवढ्यावर या प्रकाराचा पाया घातला गेला. आजही कमी पैशांत घेताना पैसा याच तीन ठिकाणी जायला हवा.

प्रथम माप. येथे एक जुना घोटाळा आहे. पूर्वी आपण ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ सायकल म्हणत असू, तो आकडा सांगाड्याच्या उंचीचा असे. चाक बहुधा अठ्ठावीस इंची असे. आता दुकानदार ‘सव्वीस’, ‘साडेसत्तावीस’, ‘एकोणतीस’ म्हणतो, तो चाकाचा आकडा असतो. वडील म्हणतात, “आम्ही चोवीसची चालवीत होतो, मग याला सव्वीसची होईलच,” आणि दोघे दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत राहतात. म्हणून दोन्ही मापे स्वतंत्र विचारावीत. साधारणपणे साडेचार फुटांपासून पावणेपाच-पाच फुटांपर्यंत उंचीच्या मुलांना चोवीस इंची चाक बरे. पाच फुटांच्या पुढे सव्वीस किंवा साडेसत्तावीस इंची चाक आणि चौदा ते सोळा इंचांचा सांगाडा बसतो. एकोणतीस इंची चाक उंच मुलांसाठी. साडेपाच फुटांच्या आत त्याचा मोह टाळावा.

आकड्यांपेक्षा अंग खरे सांगते. मुलाला नेहमीचे बूट घालून दुकानात न्यावे. दांडा दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर दांडा आणि अंग यांत किमान दोन इंचांचे अंतर राहिले पाहिजे. खडबडीत वाटेवर जायचे असेल तर त्याहून अधिक असलेले चांगले. मग सीटवर बसून हँडल धरावे. कोपर किंचित वाकलेले असावे. हात ताणून सरळ झाला तर सायकल लांब आहे. ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे सहज पोचतात का, हेही पाहावे. मुलींचे आणि लहान चणीच्या मुलांचे हात येथे अपुरे पडतात. पण बऱ्याच ब्रेकांना तो दांडा जवळ आणण्याचा लहानसा स्क्रू असतो आणि दुकानदाराने तो दोन मिनिटांत फिरवून दिला पाहिजे. मुलांची वाढ सोसण्याची सोय सायकलीतच असते : सीटची नळी वर घेता येते. त्या नळीवर एक खूण कोरलेली असते. ती दिसू लागली की त्याहून वर न्यायचे नाही. ठीक मापाची सायकल अशा रीतीने दोन-तीन वर्षे सहज पुरते, आणि मग धाकटे भावंड असतेच.

आता शॉकअप. पुढच्या चिमट्यातले ठीक आहे, जरी स्वस्त सायकलीत ते वजनदार स्प्रिंगांपलीकडे फारसे काही नसते. मागचे शॉकअप मात्र या किमतीत घेऊच नये, असे आम्ही स्पष्ट सांगू. त्याने वजन वाढते, पेडल मारताना निम्मा जोर सायकल वरखाली डुलवण्यात जातो आणि वर्षभरात सांध्यांतून खडखडाट सुरू होतो. लोखंडी सांगाड्याची, दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल अठरा-वीस किलोंपर्यंत जाते. पंचेचाळीस किलोंच्या मुलाने ती चढावर न्यावी, ही अपेक्षा आहे तरी काय? मागे शॉकअप नसलेली, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची सायकल चौदा-पंधरा किलोंची मिळते. ती परवडत नसेल, तर साधा लोखंडी सांगाडा आणि साधा, ताठ चिमटा असलेली सायकल घ्यावी. मुलाचे मित्र हसतील. चढावर हसणे थांबेल.

गियरच्या संख्येचेही असेच. पुढे तीन आणि मागे सात दात्यांची चक्रे म्हणजे एकवीस गियर, हे गणित कानाला गोड लागते. पण त्यांतले बरेचसे एकमेकांच्या जवळपासचेच असतात. मागे सात आणि पुढे एकच चक्र असले तरी नवशिक्याला पुरते, शिवाय बिघाडाची एक जागा कमी होते. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला दात किती, एवढे मात्र विचारावे. अठ्ठावीसपेक्षा चौतीस चढाला सोपे. येथे एक बारीकशी सूचना. मागचे गियर ज्या लहानशा पट्टीवर टांगलेले असतात, ती पट्टी सायकल उजव्या अंगावर पडली की वाकते आणि मग गियर नीट बसत नाहीत. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ही पट्टी बहुधा बदलता येते, परंतु तिचा आकार प्रत्येक सायकलीचा निराळा. सायकल घेतानाच एक जादा पट्टी मागून ठेवावी. आणि मुलांना सांगावे, की सायकल जमिनीवर आडवी ठेवायचीच झाली तर डाव्या अंगावर ठेवा.

ब्रेकांत तारेचे डिस्क ब्रेक आम्हांस मध्यम मार्ग वाटतो. तेलाचे अधिक हळुवार लागतात, पण आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला ते उघडता येतीलच असे नाही. चाकाच्या कडेला रबर घासणारे साधे ब्रेकही वाईट नाहीत. चिखलात आणि पावसात मात्र त्यांची पकड सुटते. कोणताही ब्रेक असो, घरी आणताच कोणता दांडा पुढच्या चाकाचा आणि कोणता मागच्याचा, हे मुलाने हाताने दाबून ओळखावे. आपल्याकडे उजव्या हाताशी पुढचा ब्रेक असण्याची जुनी रीत आहे, पण काही परदेशी घडणीच्या सायकलींत ते उलट असते. उतारावर घाबरून एकट्या पुढच्या ब्रेकवर सारी मूठ आवळली, की मूल हँडलवरून पुढे फेकले जाते. तेव्हा हा दोन मिनिटांचा परिचय टाळू नये.

टायरांचा विचार ज्याने त्याने आपल्या गावच्या मातीप्रमाणे करावा. आम्हां मालव्यातल्यांची काळी माती पावसात अशी काही चिकटते, की दहा-वीस यार्डांत चाक फिरेनासे होते. येथे खोल, विरळ गुठळ्यांचा टायर हवा, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर एकदोन दिवस शेतवाटेला न गेलेलेच बरे. जानापावच्या टेकडीची किंवा चोरलची हौस दसऱ्यानंतर भागवावी. बेळगावकरांना आणि गोमंतकीयांना जांभ्याचे खडे, सततचा पाऊस आणि खडकावरचे शेवाळ यांशी सामना असतो; तेथे रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि साखळीला वेळच्या वेळी तेल. ग्वाल्हेरकडे बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होण्याचा धोका मोठा, म्हणून जादा ट्यूब बरोबर हवीच. हैदराबादचा खडक कोरडा असताना टायरला छान धरतो, पण त्यावर पसरलेली भरड रेती वळणावर दगा देते. बडोद्याच्या वाचकांना मात्र आम्ही विचारू, की पावागड तर जवळजवळ पन्नास किलोमीटर दूर. रोजचा रस्ता सपाट असताना गियर तरी कशाला हवेत?

हवा ठासून भरण्याची आपली सवय येथे सोडावी लागते. टायरच्या कडेवर किमान व कमाल दाब छापलेला असतो. कच्च्या वाटेवर किमान आकड्याच्या थोडे वर, डांबरी रस्त्यावर त्याहून जास्त. बहुतेक डोंगरी सायकलींना मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो, म्हणून मुले पेट्रोल पंपावर जातात. तेथे बेताने घ्यावे. एवढ्याशा ट्यूबेत हवा क्षणात भरते आणि टायर फुटतो.

आता खर्च. समजा, पंधरा हजार रुपये जमले आहेत. ते सगळे सायकलीवर घालू नयेत. सायकल बारा हजारांच्या आसपास बसवावी आणि उरलेल्यांतून आधी हेल्मेट घ्यावे. हजार-दीड हजारांत चांगले मिळते. आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ यांपैकी एखादी खूण असावी. मोटारसायकलचे जड हेल्मेट सायकलीला चालत नाही, चढावर त्यात डोके शिजते. भुवईच्या वर दोन बोटे, कानाखाली पट्ट्यांचा जोड आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैलपणा, असे ते बसले पाहिजे. एकदा जोराचा आपटा बसला की वरून ठीक दिसले तरी ते बदलावे. येथेही वाढत्या मापाचे घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. मग हातमोजे, कारण पडताना मूल आधी तळहात टेकते. हातपंप, एक ट्यूब, पंक्चरचे सामान, चार-पाच-सहा मिलिमीटरचे षटकोनी पाने, मागचा तांबडा दिवा. एवढ्यात हिशेब पुरा होतो. चकचकीत कपडे, पाण्याच्या बाटल्यांचे रंगीबेरंगी पिंजरे, हे वाढदिवसासाठी ठेवावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुना किंमतपत्रक दाखवीत असेल तर हे लक्षात आणून द्यावे.

पुण्या-मुंबईचे आप्त सांगतात, चार दुकाने हिंडा, चालवून पाहा. आपल्या गावांतून दरवेळी ती सोय नसते आणि सायकल खोक्यातून घरपोच येते. अशी सायकल घरच्या घरी जोडून लगेच चढावर नेऊ नये. पुढचा चिमटाच उलटा बसवला जाणे, पेडल आडवे घुसवून आटे मारणे, हँडल सैल राहणे, हे नेहमीचे प्रकार आहेत. मिस्त्रीला दोन-तीनशे रुपये देऊन ती जोडून घ्यावी आणि मुलाला शेजारी बसवावे. त्या तासाभरात ते जे शिकेल, ते पुस्तिकेत नसते. काही स्वस्त सायकलींच्या पुस्तिकेत तर ‘ही सायकल खडतर वाटांसाठी नाही’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते पैसे देण्यापूर्वी वाचावे.

जुनी सायकल मिळाली तरी नाक मुरडू नये. तिचे चाक उचलून फिरवावे, ते डगमगते का पाहावे. सांगाड्याच्या जोडांपाशी रंगाला बारीक तडा असेल तर ती सोडून द्यावी. बाकी साखळी, टायर, तारा, ब्रेकचे तुकडे बदलता येतात.

पहिला महिना मुलांनी गावाजवळच्या मोकळ्या कच्च्या मैदानावरच फिरवावी. चढ येण्यापूर्वी गियर हलका करणे, उतारावर सीट थोडी खाली घेऊन दोन्ही पेडले समपातळीत ठेवून उभे राहणे, दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू लावणे, इतके अंगवळणी पडू द्यावे. त्या महिन्यात नव्या तारा ताणल्या जातात, आऱ्या सैल होतात, गियर अडखळू लागतात. तेव्हा ‘नवी असून बिघडली’ म्हणून मुलावर रागावू नये. सायकल पुन्हा मिस्त्रीकडे न्यावी, तारा ओढून घ्याव्यात, चाकाचा आउट काढून घ्यावा, आणि मग टेकडीची वाट धरू द्यावी.