सर्वांसाठी संकेतस्थळ (भाग 6) : कार्यालयाची शिस्त

सरकारी संकेतस्थळ अंध नागरिकाला वाचता येईल की नाही, हे बरेचदा प्रोग्रामरच्या हाती काम येण्याआधीच कार्यालयात ठरून गेलेले असते. तमिळनाडूतील अक्षरांचा घोळ हे त्याचे ठळक उदाहरण. संगणकावर तमिळ आले तेव्हा प्रत्येक फॉन्टची संकेतावली वेगळी होती. फेब्रुवारी 1999 मध्ये चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट 99’ परिषदेतून टॅम आणि टॅब या संकेतावल्या पुढे आल्या आणि राज्य सरकारने त्या स्वीकारल्या. पण त्यांतही तमिळ अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली होती. फॉन्ट असला की डोळस माणसाला पडद्यावर तमिळ दिसे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा क्रमांक वाचतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानी पडत ती असंबद्ध रोमन अक्षरे. श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर भलत्या संगणकावर उघडलेल्या मराठी माणसाला हा गोंधळ नवा नाही.

जून 2010 मध्ये राज्य सरकारने युनिकोड प्रमाण ठरवले. ते चालत नसेल तिथे टेस-16 ही तमिळ संकेतावली. एकट्यादुकट्या वेबमास्तरच्या आवाक्यातले हे काम नव्हते, त्याला शासन आदेशच लागला. अर्थात, आदेश युनिकोडचा असला तरी टंकलेल्या पत्राची प्रत काढायची, तिच्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि ती स्कॅन करून पीडीएफ चढवायची, ही कार्यालयीन सवय त्याने सुटत नाही. असा कागद स्क्रीन रीडरच्या लेखी निव्वळ चित्र असतो.

केंद्राच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा (2009, तिसरी आवृत्ती 2023) रोख या सवयींवरच आहे. मजकूर कोणी लिहायचा, कोणी तपासायचा, कोणी मंजूर करायचा, जुना कधी हलवायचा, हे विभागाने लेखी ठरवायचे आणि एका अधिकाऱ्याला जबाबदार धरायचे. तांत्रिक कसोटी म्हणजे डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची ‘एए’ पातळी. संकेतस्थळ तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एसटीक्यूसी या केंद्रीय यंत्रणेची प्रयोगशाळा चेन्नईतही आहे. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावर चढवलेल्या पीडीएफची हमी ते कशी देणार? म्हणूनच निविदेत सुगम्यतेची अट हवी, देयक तिच्याशी बांधलेले हवे आणि मजकूर चढवणाऱ्या लिपिकाला प्रशिक्षण हवे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तीच राहून जाते.

सुगम्यतेला कायद्याचे बळ 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिले, पण 2017 च्या नियमांतील पंधरावा नियम शिफारशीवजा मार्गदर्शिकांवर विसंबून होता. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवण्यास सांगितले. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सुगम्यता थेट अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडली.

यंत्राने होणारी तपासणी चित्राला पर्यायी मजकूर आहे का एवढे सांगते; तो अर्थपूर्ण आहे का, हे वापरणाराच सांगू शकतो. दिव्यांग व्यक्तींकडून चाचणी करून घेण्याची तरतूद धोरणातच असावी ती यासाठी. चेन्नईतल्या विभागांना त्यासाठी फार लांब जायला नको: बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था शहरालगत मुट्टुकाडूला 2005 पासून आहे.