साध्या कागदावरची तक्रार

कोर्टाची पायरी चढायची म्हटली की वकील आला, वकीलपत्र आलं, कोर्ट फीचा स्टॅम्प आला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जायला यातलं काहीच लागत नाही. वहीचं फाडलेलं पान चालतं, पोस्टकार्ड चालतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणतीही चालते. गडचिरोलीहून मराठीत लिहा, नाहीतर काणकोणहून कोंकणीत. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच लिहावं असंही नाही. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं लिहिलं तरी चालतं, आणि कुणीच नाही लिहिलं तर वर्तमानपत्रातली बातमी वाचून आयोग आपणहून प्रकरण हाती घेऊ शकतो.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकात दोन ओळींत भेटतं आणि परीक्षेनंतर विसरायला होतं. बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वेळी सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. बरीच मुलं लॉ फर्म गाठतात. पुढची नोकरी तिथेच असते, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. काही थोडी मात्र उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात दिल्लीच्या आयएनए भागातल्या मानव अधिकार भवनाची वाट धरतात. तिथे व्याख्यानं असतात, गटानं करायचं संशोधन असतं, तुरुंगाची भेट असते. व्याख्यानं सगळीकडे असतात तशीच असणार. मला अद्भुत वाटते ती तिथल्या फायलींची दुनिया.

आधी नुसता केस नंबर बघा. तिरप्या रेघांनी तोडलेले आकडे: अनुक्रमांक, राज्य, जिल्हा, वर्ष. महाराष्ट्राचा आकडा 13, उत्तर प्रदेशचा 24. काही नंबरांच्या शेपटाला अक्षरं असतात. पीसीडी म्हणजे माणूस पोलीस कोठडीत दगावला, जेसीडी म्हणजे न्यायालयीन कोठडीत, तुरुंगात. फाइल उघडायच्या आधीच कळतं की मेलेल्या माणसावर त्या क्षणी कोणाचा ताबा होता, आणि कोणाला विचारायचं.

ही फाइल सुरू होते तीसुद्धा बहुतेकदा नातेवाइकांच्या अर्जानं नाही. आयोग स्थापन झाला 12 ऑक्टोबर 1993 ला. दोनच महिन्यांनी, 14 डिसेंबरला, त्यानं सगळ्या राज्यांना कळवलं की कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी 24 तासांच्या आत आयोगाला खबर द्यावी. पुढचं वाक्य जास्त धारदार होतं: खबर वेळेत आली नाही तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असं मानलं जाईल. एरवी मेलेल्याच्या घरच्यांना सरकारी दारात हेलपाटे घालावे लागतात. इथे गप्प बसणंच सरकारी अधिकाऱ्याच्या अंगाशी येईल अशी तजवीज केलेली. 1995 मध्ये आयोगानं अशा मृत्यूंच्या पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ चित्रण करायला मुख्यमंत्र्यांना लिहिलं, कारण कागदावरचा अहवाल दबावाखाली बदलू शकतो हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मग एकेक कागद जमा होतो: मरणोत्तर पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, व्हिसेराचा अहवाल, तुरुंगाच्या दवाखान्यातले केसपेपर, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर ही चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते. यातला एक कागद नवख्याच्या नजरेतून हमखास निसटतो, तो म्हणजे कैदी तुरुंगात आला त्या दिवशीची आरोग्य तपासणी. समजा, मृत्यूचं कारण क्षयरोग लिहिलं आहे. क्षयानं माणूस मरतो, मृत्यू नैसर्गिक, फाइल बंद. असं कुणालाही वाटेल. पण आत येताना त्याचं वजन किती नोंदवलं होतं? खोकला विचारला होता का? थुंकी कधी तपासली, औषध कधी सुरू झालं, मोठ्या रुग्णालयात कधी हलवलं? तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की मधल्या रिकाम्या दिवसांत निष्काळजीपणा उघडा पडतो. कॉलेजात विद्यार्थी निकालपत्रं वाचायला शिकतो. निकालपत्र ज्याच्यावर उभं असतं तो कागद वाचायला त्याला इथे शिकावं लागतं.

साध्या पत्राला एवढं वजन आलं कुठून? आयोगाच्या आधीची एक गोष्ट आहे. 1 डिसेंबर 1987 रोजी ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यात चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी सुमन बेहेरा या 22 वर्षांच्या तरुणाला घरातून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळाजवळ सापडला. पोलिसांचं म्हणणं असं की पहाटे तीनच्या सुमारास त्यानं बांधलेला दोर दातांनी कुरतडला, तो पळाला आणि गाडीखाली आला. त्याची आई नीलाबती बेहेरा यांनी 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. अंगावरच्या जखमा रेल्वेच्या नाहीत, कोठडीतल्या मारहाणीच्या आहेत, असा निष्कर्ष निघाला. मार्च 1993 मध्ये न्यायालयानं राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि मूलभूत हक्क मोडला तर राज्याला त्याची भरपाई द्यावी लागते हे तत्त्व पक्कं केलं.

या निकालाच्या खंडपीठावर न्या. जे. एस. वर्मा होते आणि न्या. ए. एस. आनंद होते. दोघंही पुढे सरन्यायाधीश झाले, आणि निवृत्तीनंतर एकापाठोपाठ एक मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष. एका आईचं पत्र वाचलेली माणसं पुढे अशी पत्रं वाचण्यासाठीच असलेल्या संस्थेच्या शिरोभागी बसली. योगायोग म्हणा हवं तर; मला तो फार अर्थपूर्ण वाटतो.

असंच एक पत्र मुंबईतूनही गेलं होतं. पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगातल्या स्त्रियांना भेटून, पोलीस कोठडीत त्यांना मारहाण झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. न्यायालयानं खरंखोटं करायला कोणाला पाठवावं? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. स्त्रियांच्या कोठडीवर पहारा महिला शिपायांचाच हवा, हा 1983 चा आदेश त्या खटल्यातून आला.

आता दुसरी बाजू. आयोगाला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. पण शेवटी तो हुकूम देत नाही, शिफारस करतो. सैन्यदलांच्या बाबतीत तर केंद्र सरकारकडून अहवाल मागवण्यापलीकडे फारसं काही हातात नाही. तपास करणाऱ्या विभागात पोलीस अधिकारीच असतात, आणि पोलिसांवरच्या तक्रारी पोलिसांनी तपासाव्यात का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवरही विचारला गेला. आयोगाच्या मानांकनाचा निर्णय 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं लांबणीवर पडला. टीका रास्त आहे, असं माझं मत.

तरीही दात नसलेला वाघ हे नेहमीचं विशेषण मला अपुरं वाटतं. कायद्यानं आयोगाला उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात स्वतः जायची मुभा दिली आहे. 2002 च्या गुजरात दंगलीत वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरीत 14 जणांचा बळी गेला. जून 2003 मध्ये तिथल्या न्यायालयानं सर्व 21 आरोपींना निर्दोष सोडलं. तेव्हा हा शिफारशीपुरता आयोगच सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2004 मध्ये न्यायालयानं फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितलं, आणि फेब्रुवारी 2006 मध्ये मुंबईतल्या न्यायालयानं नऊ जणांना दोषी ठरवलं. पुढे 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांतल्या पाच जणांना सोडलं, चौघांची शिक्षा कायम ठेवली.

विद्यार्थ्याला दिल्लीचा खर्च झेपत नसेल तर महाराष्ट्राचा स्वतःचा आयोग 2001 पासून मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. गोव्यालाही स्वतःचा आयोग आहे. राज्य आयोगानं आधी हात घातलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग पडत नाही. आणि घटनेला वर्ष उलटलं असेल तर चौकशी करता येत नाही, म्हणून अर्ज हातात आला की मजकुराच्या आधी घटनेची तारीख शोधायची. मराठी अर्जात ती सहसा पहिल्या ओळीत नसते. सगळी कैफियत मांडून झाल्यावर, ‘तरी मेहेरबान साहेबांनी’च्या जरा अलीकडे सापडते.