पाठीवरचे नाव

एका संघाचे सारे खेळाडू एकाच वेषात मैदानावर उतरतात. मग दूर बसलेल्या प्रेक्षकांनी त्यांस ओळखावे कसे? ही अडचण दूर करण्यासाठी प्रथम अंक आले. १९२८ साली इंग्लंडमधील आर्सेनल व चेल्सी या फुटबॉल संघांनी पाठीवर क्रमांक लावले. परंतु नुसत्या अंकावरून माणूस कळत नाही. म्हणून १९६० साली अमेरिकेतील शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने पाठीवर खेळाडूंची आडनावेच लिहिली. क्रिकेटच्या विश्वचषक स्पर्धेत १९९२ साली रंगीत वेषांवर नावे झळकली. कसोटीच्या शुभ्र वेषावर मात्र ती २०१९ साली आली.

आडनाव बहुधा पित्याकडून येते. पण २९ ऑक्टोबर २०१६ रोजी विशाखापट्टणम येथे न्यूझीलंडविरुद्ध भारतीय खेळाडू पाठीवर आईचे नाव लावून खेळले. महाराष्ट्राच्या अजिंक्य रहाणेच्या पाठीवर ‘सुजाता’ हे नाव होते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात आवश्यक झाले आहे. मग ते बालक मुंबईचे असो वा हिंगोलीचे. नाव केवळ ओळख देत नाही. ज्यांनी आपणांस घडविले, त्यांचे स्मरणही ते करून देते.