मद्य, शिक्षण आणि गुन्हा : अर्थशास्त्रज्ञाचा ताळेबंद

बंगळूरच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वस्ती स्वातंत्र्योत्तर काळात औद्योगिक उपनगर म्हणून उभारण्यात आली. लहानमोठे कारखाने, कामगारांची घरे, कर्मचारी राज्य विमा योजनेचे रुग्णालय आणि शाळा यांनी ही वस्ती गजबजलेली आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला देण्यात आले, हे सर्वस्वी उचित होय. राजाजींचा जन्म या शहरापासून फार दूर नसलेल्या होसूर-कृष्णगिरीच्या परिसरातील, आणि त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण बंगळूरच्याच सेंट्रल कॉलेजातील. भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ते आणखी एका कारणासाठी स्मरणीय वाटतात. दारूबंदी हा तोवर नीतीचा आणि उपदेशाचा विषय मानला जात होता. राजाजींच्या एका निर्णयामुळे तो मोजमापाचा विषय बनला.

पगाराच्या दिवशी कामगाराच्या हाती जी रक्कम पडते, तिला एकाच वेळी अनेक वाटा फुटतात. वाण्याची उधारी, घरभाडे, मुलांची वह्या-पुस्तके आणि नाक्यावरचे दारूचे दुकान हे सारे त्या रकमेचे दावेदार असतात. यांपैकी शेवटच्या दावेदाराला किती मिळाले, यावर इतरांचे भवितव्य अवलंबून असते. मद्याचा प्रश्न शिक्षणाशी आणि गुन्ह्याशी कसा जोडला जातो, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात येईल.

दारूच्या उत्पन्नावर चालणारी शाळा

ब्रिटिश अमदानीत प्रांतांच्या महसुलात अबकारी उत्पन्नाचा वाटा फार मोठा होता. मद्रास इलाख्यात तो एकूण महसुलाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतका होता. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे आली आणि एक विलक्षण पेच निर्माण झाला. शाळा वाढवावयाच्या तर पैसा हवा, आणि पैशाचा हुकमी झरा म्हणजे ताडी-दारूची दुकाने. ज्या बापाच्या पिण्यातून तिजोरी भरावयाची, त्याच्याच मुलासाठी त्या तिजोरीतून शाळा काढावयाची, असा हा व्यवहार होता.

१९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा गांधीजींनी या पेचावर नेमके बोट ठेवले. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नावर विसंबावे लागावे, ही त्यांना क्रूर विटंबना वाटली. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि स्वावलंबी शिक्षणाची कल्पना पुढे आली. या कल्पनेच्या मुळाशी शिक्षणविषयक विचार होताच. परंतु अबकारी उत्पन्न गेल्यावर शाळा कशाच्या बळावर चालवावयाच्या, हा रोकडा प्रश्नही होता. वर्ध्याच्या परिषदेपूर्वी काही दिवस, म्हणजे १ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासचे मुख्यमंत्री या नात्याने राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली होती. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठी त्यांनी १९३९ साली विक्रीकराचा कायदा केला. आज राज्यांच्या महसुलाची कथा सांगताना या घटनेचा विसर पडतो. पण भारतातील सर्वसाधारण विक्रीकराचा उगम दारूबंदीच्या पोटी झाला आहे.

सेलमची पाहणी

सेलममध्ये बंदीचा परिणाम काय झाला, हे तपासण्याचे काम मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. पी. जे. थॉमस यांनी केले. थॉमस हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले विद्वान होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारावरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे दक्षिणेतील खेड्यांची फेरपाहणी आणि भारतातील संघीय अर्थव्यवस्थेचा इतिहास हे त्यांचे विषय झाले, आणि १९४० च्या दशकात ते भारत सरकारचे आर्थिक सल्लागारही होते. ग्रंथालयातील कागदपत्रांइतकीच खेड्यातील घरांची चूल आणि कर्जाची वही महत्त्वाची मानणारा हा अभ्यासक होता.

त्यांच्या पाहणीने लक्ष वेधले ते घरखर्चाकडे. पूर्वी पिणाऱ्यांच्या घरांत अन्नावर व कपड्यांवर होणारा खर्च वाढला आणि गरीब कुटुंबांना काहीसा दिलासा मिळाला, असे तीतून दिसून आले. दुसरी बाजूही होती. माडावर चढून ताडी काढणाऱ्यांचा रोजगार गेला आणि त्यांना दुसऱ्या कामाकडे वळावे लागले. सरकारी तिजोरीतील तूट आणि घरातील बचत या दोन्ही बाबी एकाच ताळेबंदात मांडावयास हव्यात, ही दृष्टी हेच या पाहणीचे खरे फलित होय. तिजोरीत जमा झालेला रुपया दिसतो. न मिळालेले दूध, मोडलेली भांडी आणि सुटलेली शाळा सरकारी हिशेबात कोठेही लिहिली जात नाहीत.

तरीही अशा पाहणीत एक उणीव अपरिहार्यपणे राहते. बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची स्थिती ताडून पाहिली, तर मधल्या काळात झालेल्या इतर बदलांचे काय? पाऊस चांगला झाला असेल, मजुरी वाढली असेल, धान्य स्वस्त झाले असेल. बंदी आली नसती तर त्याच जिल्ह्यात काय घडले असते, हे कोणालाही प्रत्यक्ष पाहता येत नाही. न घडलेल्या गोष्टीशी तुलना कशी करावयाची, हा या विद्येपुढील मूलभूत प्रश्न आहे.

मुंबईचा अनुभव

सेलमच्या ताळेबंदात गुन्ह्याचे पान लहान होते. ते मोठे झाले मुंबईत. १९३९ च्या ऑगस्टमध्ये खेर मंत्रिमंडळातील डॉ. गिल्डर यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मिळकतीवर कर बसवला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी अमलात आली. त्यानंतरच्या वर्षांत हातभट्टी हा शब्द घरोघरी परिचित झाला. मागणी कायम राहिली आणि पुरवठा बेकायदा ठरला, की त्या धंद्यातील नफा कायदा मोडण्याची तयारी असणाऱ्याच्या हाती जातो. १९६० च्या दशकात परवान्यांचे धोरण सैल करण्यात आले. दारूमुळे गुन्हे घडतात हे जितके खरे, तितकेच बंदीमुळेही एका प्रकारचे गुन्हे घडतात हे खरे. दोहोंपैकी कोणते पारडे जड, हे केवळ तर्काने ठरवता येत नाही.

फिलिप कुक यांची तीन क्षेत्रे

मद्य, गुन्हा आणि शिक्षण या तिन्ही विषयांना एकाच पद्धतीने हात घालणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणून अमेरिकेतील फिलिप कुक यांचे नाव घेता येईल. १९४६ साली जन्मलेल्या कुक यांनी बर्कले येथे डॉक्टरेट मिळवली आणि १९७३ पासून ड्यूक विद्यापीठात अध्यापन केले. अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी १९३३ साली उठली होती, आणि तिच्या अपयशाची आठवण इतकी तीव्र होती की मद्याला आवर घालण्याची भाषा करणेही कालबाह्य समजले जात असे. अट्टल मद्यपी कोणत्याही किमतीला पिणारच, मग कर वाढवून काय साधणार, असा सार्वत्रिक समज होता.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कुक यांनी हा समज तपासून पाहिला. अमेरिकेतील राज्ये मद्यावरील कर आपापल्या सोयीने वाढवतात. एका राज्याने कर वाढवला त्या वर्षी इतर अनेक राज्यांनी तो वाढवलेला नसतो. ही कर न वाढवणारी राज्ये म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा आरसाच होय. १९६० ते १९७५ या काळातील करवाढींची अशी तुलना केली असता, कर वाढलेल्या राज्यांत मद्याचा खप, मोटार अपघातांतील मृत्यू आणि यकृताच्या सिरॉसिसने होणारे मृत्यू इतरांच्या तुलनेने घटल्याचे आढळले. सिरॉसिस हा वर्षानुवर्षे अतोनात पिणाऱ्यांचा रोग आहे. त्यातील मृत्यू घटले, याचा अर्थ किमतीचा परिणाम अट्टल पिणाऱ्यांवरही होतो. बंदी आणि मोकळीक या दोन टोकांच्या मधली किमतीची वाट त्यामुळे विचारार्ह ठरली. हाच विचार कुक यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने मांडला.

गुन्ह्यांच्या अभ्यासाकडून कुक शाळेकडे वळले, हेही स्वाभाविकच होते; कारण गुन्हेगारीची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका अभ्यासात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, सहावीचा वर्ग प्राथमिक शाळेत असेल तर मुले कमी बेशिस्त वागतात; तोच वर्ग मोठ्या मुलांच्या माध्यमिक शाळेला जोडला की शिस्तभंगाचे प्रकार वाढतात. दुसरा अभ्यास अधिक विचार करावयास लावणारा आहे. शाळाप्रवेशाच्या ठरावीक तारखेच्या किंचित आधी जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते आणि किंचित नंतर जन्मलेले सर्वांत मोठे. या दोन मुलांत जन्मतारखेखेरीज फारसा फरक नसतो. मोठी मुले अभ्यासात पुढे राहतात आणि शाळेत असेतोवर वाह्यातपणाही कमी करतात. परंतु शाळा सोडण्याची कायद्याने परवानगी मिळते त्या सोळाव्या वर्षी त्यांच्या पदरी कमी इयत्ता पडलेल्या असतात. म्हणून त्यांच्यात अर्ध्यावर शाळा सोडण्याचे आणि पुढे गंभीर गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण अधिक आढळले. एकच नियम एका वयात हितकर आणि दुसऱ्या वयात अपायकारक ठरू शकतो, हे मोजल्यावाचून कळले नसते.

पुन्हा बंगळूर

या विचाराच्या प्रकाशात बंगळूरचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. १९८१ च्या जुलै महिन्यात या शहरात व आसपास विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी कर्नाटकात देशी दारूची विक्री कायदेशीर होती. १ जुलै २००७ पासून राज्याने 'सारायी' म्हणजे देशी दारू बंद केली; परंतु विदेशी पद्धतीच्या मद्याची दुकाने चालू राहिली. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, २००८ च्या मे महिन्यात, बंगळूर, कोलार आणि शेजारच्या कृष्णगिरी या भागांत विषारी दारूने दीडशेहून अधिक बळी घेतले. एका दुर्घटनेच्या वेळी परवानगी होती, दुसऱ्या वेळी बंदी. म्हणजे केवळ बंदी किंवा केवळ परवानगी हे या मृत्यूंचे पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. दोन्ही वेळी बळी पडली ती मुख्यतः गरीब माणसे. कायदेशीर मद्य आणि चोरट्या मद्य यांच्या किमतीत अंतर पडले, की ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत तोच धोक्याची बाटली उचलतो. किमतीची वाट सुचवणाऱ्यानेही हे विसरता कामा नये. ज्या समाजात चोरटी दारू सहज मिळते, तेथे कर वाढवण्याला मर्यादा असतात, आणि बंदीलाही.

तथापि बंदीच्या विरोधकांनीही निष्कर्षाची घाई करू नये. भारतातील वेगवेगळ्या राज्यांच्या मद्यविषयक कायद्यांची तुलना करणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांत, बंदीच्या काळात पुरुषांचे पिणे आणि स्त्रियांना घरात होणारी मारहाण या दोहोंत घट झाल्याचे दिसून आले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठवली गेली, तेव्हा महसूल आणि अवैध विक्री यांची चर्चा मोठ्याने झाली. बंदीची मागणी घेऊन पूर्वी रस्त्यावर आलेल्या स्त्रियांच्या हिशेबात मात्र घरातील मारहाण, गहाण पडलेले दागिने आणि मुलांची शाळा ही पाने आधीपासूनच होती.

राजाजींनी सेलममध्ये जो प्रयोग केला, त्याचे यशापयश काहीही असो, त्याने एक प्रश्न कायमचा मागे ठेवला आहे. शाळेसाठी लागणारा पैसा कोठून यावा, आणि तो मिळवताना त्याच शाळेतील मुलाच्या घरातून काय हिरावले जाते? अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाचे नैतिक उत्तर देऊ शकत नाही. ते समाजाने द्यावयाचे असते. परंतु ताळेबंदाची दोन्ही पाने भरलेली आहेत की नाहीत, आणि तुलना योग्य गोष्टीशी केली आहे की नाही, एवढे तो निश्चित पाहू शकतो. राजाजीनगरातील एखाद्या कामगाराचे मूल दहावीपर्यंत पोचले की मध्येच कारखान्यात कामाला लागले, याची नोंद अबकारी खात्याच्या वार्षिक अहवालात होत नाही. ती नोंद व्हावी, एवढाच या अभ्यासाचा आग्रह आहे.